पडताळणीतून वगळलेले शनिवार

आधी कबूल करून टाकते: तो तक्ता मीच केला होता. एकेचाळीस ओळी, तीन सर्व्हर, आणि प्रत्येक चौकटीत ‘होय’ किंवा ‘नाही’. पुढे त्या तक्त्याच्या प्रती राज्यातल्या एकोणीस वाहिन्यांमध्ये फिरल्या, ओळखी-अनोळखी लोकांनी फोन करून मला शाबासकी दिली, आणि मी ती हसत हसत घेतली. त्यामुळे आता जे सांगणार आहे त्यात दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय मला राहिलेली नाही.

मी उज्ज्वला मगदूम. सांगलीच्या एका छोट्या वाहिनीत सत्तावीस वर्षं तंत्रज्ञ आहे. शेवटची नऊ वर्षं मुख्य तंत्रज्ञ. वाहिनीवर जे काही दिसतं ते सगळं व्हिडिओ सर्व्हर नावाच्या यंत्रातून बाहेर पडतं. तोच साठवतो, तोच ठरल्या सेकंदाला दाखवतो. २०३७ साली आमचा जुना सर्व्हर म्हातारा झाला आणि नवा निवडायचं काम माझ्याकडे आलं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, व्हिडिओ म्हणजे व्हिडिओ, त्यात काय पाहायचं. तसं नसतं. फाईलच्या नावामागे लागणारी एमएक्सएफ, एमओव्ही ही अक्षरं म्हणजे नुसते डबे. आत कुठली भाजी आहे ते डब्यावरून कळत नाही. चित्र लहान जागेत बसावं म्हणून त्याची घडी घातलेली असते, घडी घालण्याच्या पद्धती डझनावारी आहेत, आणि जी पद्धत सर्व्हरला ठाऊक नाही ती घडी त्याला उलगडता येत नाही. विक्रेते छातीठोकपणे सांगतात, एमएक्सएफ चालतं. घरी आणून बघावं तर डबा उघडतो आणि पडदा काळा. आमच्या वाहिनीकडे तीस वर्षांत अशा अकरा पद्धतींच्या फायली साठल्या होत्या. म्हणून मी विक्रेत्यांच्या नमुना फायलींना हात लावला नाही. आमच्याच कोठारातल्या, धूळ खाल्लेल्या फायली काढल्या आणि तिन्ही सर्व्हरना त्या चारून पाहिल्या.

पहिला सर्व्हर सगळ्या जुन्या फायली जशाच्या तशा दाखवत होता, पण त्याला एक अख्खी खोली लागत होती आणि वीज तर विचारूच नका. दुसरा चार पद्धतींवर अडला. तिसऱ्याने एकेचाळीसच्या एकेचाळीस फायली गिळल्या आणि साठवल्या चाळिसाव्या हिश्शाच्या जागेत. त्याची पद्धत नवी होती. तिला ते बीजपद्धत म्हणत.

ती समजून घ्यायला अवघड नाही. जुन्या पद्धती चित्रातलं जे डोळ्याला जाणवत नाही ते टाकून देतात, पण उरतं ते मूळ चित्रातलंच असतं. बीजपद्धत चित्र ठेवतच नाही. ती बघते आणि ओळखते: बाई आहे, अमुक चेहरा, अमुक खोली, उजेड डावीकडून, हात वर गेला. एवढ्याची थोड्या आकड्यांत नोंद करते आणि मूळ फाईल सोडून देते. दाखवायची वेळ आली की त्या नोंदीवरून चित्र नव्याने काढते, कोट्यवधी तास व्हिडिओ पाहून मिळवलेल्या स्वतःच्या अनुभवाच्या जोरावर. जे तिने पूर्वी पाहिलंय ते हुबेहूब येतं. जे पाहिलेलं नाही ते ती जवळात जवळच्या ओळखीच्या गोष्टीखाली घालते. हे शेवटचं वाक्य कंपनीच्या माहितीपत्रकात नव्हतं.

माझ्या तक्त्यात दोन प्रश्न होते: फाईल घेतो का, आणि फाईल दाखवतो का. दोन्हींना होय, म्हणून आम्ही तिसराच घेतला. तीच दाखवतो का, असा रकाना मी केलाच नव्हता.

आता आक्काबद्दल. शैलजा, माझी थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. दोन वर्षांची असताना तापात तिचं ऐकणं गेलं. मिरजेजवळ तेव्हा कर्णबधिर मुलांची एक निवासी शाळा होती, आता ती बंद पडली. तिथल्या मुलांनी चाळीस-पन्नास वर्षांत आपल्या आपण एक खुणांची भाषा घडवली होती. दिल्लीच्या सरकारी खुणाभाषेच्या कोशात नसलेल्या शेकडो खुणा त्यात होत्या. हळद पारखायची खूण वेगळी, हळद खायची वेगळी. ‘पूर’ ही खूण तर बघण्यासारखी होती. पालथा हात कमरेपासून वर न्यायचा आणि पाणी जिथवर आलं तिथे अंगावर थांबवायचा. गुडघा, छाती, हनुवटी. किती पाणी, हे वेगळं सांगावं लागत नसे.

आक्काने आमच्या वाहिनीवर पंचवीस वर्षं दर शनिवारी दुपारी खुणांच्या बातम्या दिल्या. पंधरा मिनिटं, आणि आवाज नाही. मागून कुणीतरी बातमी वाचावी असा आग्रह झाला तेव्हा तिने मला कागदावर लिहून दिलं होतं, ‘ऐकणाऱ्यांना आठवडाभर आहे. ही पंधरा मिनिटं आमची.’ मग कुणी बोललं नाही. बाराशेच्या वर भाग झाले. त्या शाळेत शिकलेली बहुतेक माणसं आता नाहीत किंवा पांगलीत, त्यामुळे ती भाषा सबंध अशी राहिली होती ती या शनिवारांमध्ये. नव्या सर्व्हरचं काम सुरू झालं त्याच सुमारास आक्काला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात गेला. मी तिला विश्रामबागेत माझ्या घरी आणलं.

तीस वर्षांचं कोठार नव्या सर्व्हरमध्ये जायला पाच महिने लागले. प्रत्येक फाईल गेली की यंत्रच पडताळणी करायचं. चेहरे जुळतात का, आवाज जुळतो का, ओठ आवाजाबरोबर हलतात का. शनिवारच्या प्रत्येक फाईलवर ते अडायचं. लाल पट्टी यायची, ‘आवाज नाही, तपासा’, आणि सगळी रांग खोळंबायची. मग कुणीतरी उठून बटण दाबायचं. आठवडाभर मी ते सोसलं आणि आठव्या दिवशी वैतागून त्या फायली एका यादीत टाकल्या. ‘आवाज नसणे अपेक्षित. पडताळणीतून वगळा.’ मला वाटलं, आवाजाची तपासणी वगळली. यंत्राने सगळीच वगळली.

डोळ्यांनी पाहायची आमची रीत होती. प्रत्येक कार्यक्रमाची पहिली दहा सेकंदं, मधली दहा, शेवटची दहा. शनिवारचे वीसेक भाग मी स्वतः पाहिले. आक्का तिशीतली, पस्तिशीतली. चेहरा मुळापेक्षाही स्वच्छ, नऊवारीचा काठ मोजून घ्यावा असा. मला रडू आलं, इतकी ती सुंदर दिसत होती. मी चेहरा पाहिला, साडी पाहिली. ज्या बातम्या हातांनी दिल्या होत्या त्यांत हात सोडून बाकी सगळं पाहिलं आणि खाली सही केली. सहा महिन्यांनी नियमाप्रमाणे मूळ फायली असलेल्या जुन्या तबकड्या पुसल्या गेल्या. त्या कागदावरही माझीच सही आहे.

वर्षभराने हुमेरा मुजावर आली. मिरजेची मुलगी, स्वतः कर्णबधिर, विद्यापीठात प्रबंध करत होती. त्या शाळेच्या खुणांचा कोश ती आमच्या कोठारातल्या शनिवारांवरून तयार करत होती, आणि अडलेल्या जागा विचारायला ती आक्काकडे आली. मी चहा ठेवला. आक्का इतक्या महिन्यांनी प्रथमच नीट साडी नेसून बसली होती.

हुमेराने तिच्या टॅबवर मोठ्या पुराच्या आठवड्यातला भाग लावला. पडद्यावरच्या आक्काचा हात कमरेपासून वर गेला आणि छातीवर थांबला. आक्काने मान हलवली. डाव्या हाताने तिने खूण केली, “इथे नाही. हनुवटी. त्या दिवशी मी हनुवटीपर्यंत नेला होता.” हुमेराने अदबीने दुसरा भाग लावला, मग तिसरा. सगळीकडे छाती. मग हळदीची खूण निघाली, तीही आक्काला परकी वाटली. “हे माझं नाही,” ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. हुमेराने माझ्याकडे पाहिलं. झटक्यानंतर आठवणीवर परिणाम होतो, हे तिला माहीत होतं. डॉक्टरांनी तर आम्हाला लिहूनच दिलं होतं.

तो पूर मी आक्काच्या शेजारी उभी राहून प्रसारित केला होता. हनुवटी मला आठवत होती. मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मी बोलले तर कोठार खोटं ठरत होतं, कोठार खोटं तर तक्ता खोटा, आणि तो तक्ता माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नावाजलेलं काम होतं. मी स्वतःला सांगितलं, आधी खात्री करू, मग बोलू. आणि दोघींना दिसेल असं फोनवर हुमेरासाठी लिहिलं, “आक्का दमलीय. आज एवढं पुरे.”

त्यावर आक्काने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टॅब उलटा ठेवला.

खात्री करायला एक दुपार पुरली असती. मी तीन आठवडे लावले. कधी प्रसारणात घोटाळा, कधी निवडणुकीची तयारी. कारणांना काय तोटा. शेवटी एका बुधवारी जेवणाच्या सुटीत मी दार लावून बसले. ‘पूर’ ही खूण असलेले अडतीस प्रसंग शोधले आणि पारदर्शक करून एकावर एक ठेवले. माणसाचा हात दोनदा एका जागी थांबत नाही. बोटभर इकडे, बोटभर तिकडे होतंच. इथे अडतीस हात एकाच रेषेवर थांबले होते, केसाचाही फरक नाही. ते आक्काचे हात नव्हतेच. यंत्राने तिची खूण ओळखीची नाही म्हणून ‘पाणी वाढले’ या आपल्या माहितीतल्या खुणेखाली घातली होती आणि दर वेळी तीच काढून दिली होती, आक्काच्या बांगड्यांसकट.

मग मी वगळलेल्यांची यादी उघडली. शनिवारच्या एकाही फाईलपुढे कुठल्याच तपासणीची नोंद नव्हती.

पुढचे दोन दिवस मी मूळ प्रती शोधत होते. जुन्या तबकड्या पुसलेल्या. नेटवरचे भागही याच सर्व्हरवरून जात, तेही बदललेले. जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी फोन टीव्हीसमोर धरून घेतलेले तुकडे मिळाले. सात. सगळे मिळून तेवीस मिनिटं, त्यातली निम्मी हलती.

आमचे संचालक हुपरीकर साहेब. माणूस वाईट नाही. आक्काच्या दवाखान्यात रोज डबा पाठवणारा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दोनदा चष्मा पुसला. कंपनीला सांगून यंत्राला त्या खुणा शिकवू, म्हणजे पुढे चित्रं बरोबर येतील, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं की शिकवणार कशावरून, नोंदीत हात किती वर गेला हेच नाही. तिथे ‘पाणी वाढले’ एवढंच लिहिलंय. माझ्या तक्त्यावरून हाच सर्व्हर घेतलेल्या बाकीच्या एकोणीस वाहिन्यांना कळवायला हवं, त्यांच्यातल्या काहींनी मूळ फायली अजून पुसल्या नसतील, असं मी म्हणाले तेव्हा त्यांनी हात जोडले.

“मॅडम, बोललात ते ठीक आहे. लिहू नका. लिहिलं की त्याचा कागद होतोय, आणि कागदावर तुमचीच सही आहे.”

त्यांचा हेतू मला वाचवण्याचाच होता, हे मला अजूनही वाटतं.

त्या दिवशी मी लवकर घरी गेले. दार किल्लीने उघडलं. आक्काला ऐकू येत नाही, तिची पाठ माझ्याकडे होती. समोर टीव्हीवर शनिवारचा भाग चालू होता आणि आक्का डाव्या हाताने पडद्यावरच्या आक्काची नक्कल करत होती. हात कमरेपासून वर, छातीवर थांबला. पुन्हा. हनुवटीकडे जाऊ लागला की ती स्वतःच्याच मनगटाकडे रागाने बघायची आणि हात खाली आणायची. शेजारी वही होती. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, जुने भाग बघून रोज तसंच करा, हात आणि डोकं दोन्ही सुधारेल. वहीत तीन आठवड्यांच्या तारखा होत्या, प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी ‘दुरुस्त’ केलेल्या खुणा. एकशे बारा.

हुमेरा गेल्यापासून आक्काने ठरवलं होतं की बिघाड तिच्यातच आहे. आणि मी घरात, तिने एका हाताने केलेला नाश्ता खात, गप्प होते.

मी पुढे जाऊन टीव्ही बंद केला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. माझ्या खुणा गंजल्यात. फोनवर लिहून बोलायची सवय लागल्यापासून वापरच नाही. तरी मी हातांनीच सांगितलं. यंत्र चुकलं. यंत्र मी आणलं. तपासणी मी बंद केली. तू बरोबर होतीस. मला त्याच दिवशी माहीत होतं.

शेवटचं वाक्य तिने मला परत करायला लावलं. मी केलं. तिने वही उचलली, पानं उलटली, आणि विचारलं, “मग हे मी काय शिकले?”

ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकोणीस वाहिन्यांना पत्र लिहिलं, माझ्या नावाने, तक्त्याची चूक आणि माझी चूक दोन्ही स्पष्ट लिहून. अकरा वाहिन्यांचं पुसणं थांबलं. आठांचं झालेलं होतं. चौकशी लागली, मला घरी बसवलं, आणि हुपरीकर साहेबांनी डबा पाठवणं बंद केलं.

हुमेराला बोलवायला आक्कानेच सांगितलं. मी तिच्यासमोरही सगळं कबूल केलं. प्रबंधाचं वर्षभराचं काम तिचंही बुडालं होतं. तरी ती आक्काच्या पाया पडली आणि खुणांनी म्हणाली, “बाई, आपण तुमच्याकडूनच घेऊ. आहे तेवढं.”

तिने एकच अट घातली. आता चित्र नाही, त्यामुळे प्रत्येक खुणेला दोन माणसांची साक्ष हवी. एक आक्का आणि दुसरी तिच्यासोबत लहानपण काढलेली, सुट्टीत तिच्या खुणा शिकलेली मी. दोघींचं जुळलं तरच कोशात.

बैठक अशी असते. कॅमेरा समोर. आक्का खुर्चीत, मी तिच्या उजव्या बाजूला चिकटून. तिचा उजवा हात मांडीवर निपचित, त्याच्या जागी माझा. ती डाव्या हाताने माझी बोटं वळवते, मनगट फिरवते, चुकलं की चापट मारते. लहानपणी मारायची तशीच. पहिल्या दिवशी साठ खुणा घेतल्या, चौतीस कोशात गेल्या. उरलेल्यांमध्ये कधी माझी आठवण कमी पडते, कधी आक्काचाच हात मध्येच अडखळतो, कारण त्या एकशे बारापैकी कुठली आपली आणि कुठली पडद्यावरची, हे आता तिलाही सांगता येत नाही.

काल ‘घरी ये’ ही खूण आली. ती शाळेची नाही, आमच्या आईची. आक्का सुट्टीत घरी आली आणि आम्ही दोघी अंगणात असलो की आई ओट्यावरून करायची. आईने ती घडवली म्हणूनच ती आहे, आणि तिच्याकडून ती शिकलेल्या आम्ही दोघीच. आक्का बातम्यांच्या शेवटी हरवलेल्या माणसांच्या निवेदनात ती वापरायची. डावा हात तिने केला: तळवा आपल्याकडे, छातीजवळ. मग माझा उजवा हात धरला, वर नेला, आणि थांबली. मूठ की उघडा पंजा? तिने मूठ केली, मोडली. पंजा केला, तोही मोडला. मग माझ्याकडे वळून डोळ्यांनी विचारलं.

मी आई आठवली. ओटा आठवला, तिच्या कपाळावरचं गोंदण आठवलं, हातातलं सूपसुद्धा. हात आठवेना. आक्काच्या डोळ्यांत एवढी आशा होती की मूठ म्हणून सांगावं असं अनावर वाटलं. मूठच असेल. कुणाला कळणार होतं? तिला बरं वाटलं असतं, आणि मलाही.

मी मान हलवली. “नाही आठवत, आक्का.”

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मला वाटलं मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने माझी बोटं एकेक करून सरळ केली, हात माझ्या मांडीवर परत ठेवला, आणि हुमेराकडे वळून डाव्या हाताने सांगितलं, “ही सोड. पुढची घे.”